हिरवी तोड

मी कऱ्हाटीची. आमच्याकडे बाजरी पिकते, ज्वारी पिकते, आणि पाऊस रुसला तर काहीच पिकत नाही. इंदापूर तालुक्यातल्या साखर कारखान्यात, शेतकी खात्यात मला नोकरी लागली तेव्हा चुलत्याने सगळ्यांसमोर विचारले होते, "आता तू त्या बागायतदारांची चाकरी करणार व्हय?" जिरायती माणसाचा बागायतदारावर एक कायमचा राग असतो. त्यांचे पाट भरून वाहतात आणि आमच्या गावात टँकरची वाट बघतात. तो राग माझ्यातही होता, पण पगार वेळेवर व्हायचा म्हणून मी तो गिळून टाकला.

दोन हंगामांपूर्वी आमच्या कारखान्याची साखर घेणाऱ्या एका मोठ्या बिस्किट कंपनीने अट घातली. साखर हवी ती न जाळलेल्या उसाची. धूर नको, जमीन करपायला नको, पाला रानातच कुजला पाहिजे. हे सगळे मला पटत होते आणि मला ते बोलताही येत होते, म्हणून योजना माझ्या गळ्यात पडली. तिचे नाव मीच ठेवले, हिरवी तोड.

ज्यांना उसाची सवय नाही त्यांना सांगते. ऊस तयार झाला की कारखान्याकडून तोडीचा नंबर लागतो. नंबर आला की मजुरांची टोळी फडात उतरते. उसाचा वाळका पाला धारेचा असतो, हात कापतो, म्हणून पेटवलेला फड तोडायला मजुरांना सोपा जातो. आणि जळालेला ऊस लगेच गाळला नाही तर आंबतो, म्हणून कारखाना तो सगळ्यांच्या आधी उचलतो. बिलात थोडी कपात करतो, पण उचलतो. त्यामुळे नंबर लांबला की लोक रात्रीतून स्वतःच्या फडाला काडी लावतात आणि सकाळी तोंड पाडून सांगतात, "तारंला तार घासली, साहेब." ऐकणाऱ्यालाही माहीत असते की त्या शिवारात विजेची तारच नाही. तरी तो मान हलवतो आणि टोळी पाठवतो.

बावड्याच्या शिवारात ही रीत मोडायला मला बनाबाईने मदत केली. मी तिला बनामावशी म्हणते. तिचा नवरा जोतीराम, सगळ्यांचा आबा, दम्याचा पेशंट. फड पेटायला लागले की आबा घरात कोंडून घ्यायचे, दाराच्या फटीत ओली फडकी लावायचे, आणि तरीही दर हंगामात एकदा तरी त्यांना इंदापूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावायला न्यावे लागायचे. मावशीचे दुसरे दुखणे कुरडयांचे होते. ऐन मार्चात ती गच्चीवर कुरडया घालायची आणि त्याच दिवसांत कुणाच्या तरी फडाची काजळी येऊन त्यांवर बसायची.

"नवऱ्याचं औषीद तरी मिळतंय," ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली, "काळ्या कुरडया कुणाला वाढू?"

तिने सही केली. मग भावकीतल्या माऊलीला तयार केले, बांधावरच्या तात्याबाला तयार केले. तात्याबा कुणाचेच ऐकत नाही, पण तिने त्याच्या ओसरीवर इतका वेळ ठिय्या दिला की बायकोनेच त्याला आत बोलावून दटावले. सगळे शिवार योजनेत आले. कंपनीचा फोटोग्राफर आला तेव्हा मावशी ठेवणीतले लुगडे नेसून बांधावर उभी राहिली. तिचा फोटो छापलेला फलक तिच्याच फडाच्या तोंडाशी लागला. फोटोत तिचा एक डोळा मिटला आहे. ते तिला अजिबात आवडले नव्हते, पण आल्यागेल्याला फलक दाखवायला ती विसरत नसे.

मी तिला शब्द दिला होता. आबांसमोर, त्यांच्या ओसरीवर, चहाचा कप हातात धरून. "मावशी, तुमचा ऊस हिरवाच तुटेल. नंबर चुकणार नाही. माझा शब्द."

पहिल्या वर्षी तो पाळला गेला. ऊस हिरवा तुटला, पाला रानात पसरला, आबा हंगामभर ओसरीवर बसले. मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढून कऱ्हाटीच्या चुलत्याला पाठवला. इतका आनंद मला नोकरीत कधी झाला नव्हता.

यंदा डिसेंबर गेला, जानेवारी गेला. मावशीच्या उसाला तुरे आले. तुरे आले म्हणजे ऊस आतून पोकळ व्हायला लागला, रोज वजन चालले. फेब्रुवारीत ती फोनवर नुसते विचारायची, "कवा?" मार्चमध्ये तिने विचारणे सोडले. मीच फोन करायचे आणि सांगायचे, या आठवड्यात नक्की. तो आठवडा जायचा. मग मी दुसरा आठवडा सांगायचे.

शेवटी मी राजवर्धन सरांच्या केबिनमध्ये घुसले. ऊसपुरवठ्याचे सगळे त्यांच्या हातात. माणूस वाईट नाही. आवाज चढवत नाही, चहा विचारतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो.

"सर, हिरव्या तोडीच्या शिवारातला एकही फड अजून तुटला नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"बसा, स्वरूपा मॅडम." त्यांनी चहा सांगितला. "यंदा ऊस कमी आहे. शेजारचे कारखाने आमच्या हद्दीतला ऊस पळवतात. ज्याला घाई आहे तो दुसऱ्या कारखान्याला घालतो नाहीतर काडी लावतो. त्याचा ऊस मला आज घ्यावा लागतो. तुमचे लोक काडी लावत नाहीत. दुसरीकडे घालत नाहीत. म्हणजे त्यांचा ऊस माझ्यासाठी सगळ्यात भरवशाचा. भरवशाचा माल शेवटी उचलायचा असतो. ज्या दिवशी गाळायला ऊस कमी पडून गव्हाण रिकामी राहील त्या दिवशी मी तुमच्या बावड्याकडे बघेन. सगळीकडे असंच करतात. त्याला राखीव साठा म्हणतात."

चहा आला, तो मी प्यायले. प्यायचा नव्हता, पण प्यायले. ज्यांनी आपले ऐकले, सह्या केल्या, शेजाऱ्यांशी भांडून त्यांना तयार केले, त्यांना मी स्वतःच्या हाताने रांगेच्या शेवटी नेऊन उभे केले होते. जाळणार नाहीत याची हमी मीच सरांना आणून दिली होती. त्या हमीवरच ते निवांत होते.

"आणि बिस्किट कंपनीला काय सांगायचं?"

"त्यांना एकूण टक्केवारी लागते. ती भरतेय. दुसऱ्या गटातल्या गावांत यंदा मशीनने तोड केली, तिथे जाळावं लागत नाही. कंपनी खूश आहे. पुढच्या आठवड्यात बारामतीला त्यांचा कार्यक्रम आहे, तुम्हाला स्टेजवर बोलायचंय." ते हसले. "तेवढं छान बोला."

मला त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मी "बघते सर" म्हणाले आणि बाहेर आले. माझी चीड अशीच आहे, दाराबाहेर आल्यावर उकळते.

तिथून मी थेट सर्जेराव मुकादमाच्या टोळीवर गेले. टोळी आष्टीकडची, कारखान्यामागच्या माळावर पालं ठोकून राहिलेली. पाडवा जवळ आला होता, निम्म्या बायका भांडीकुंडी बांधून बसल्या होत्या. मी सर्जेरावांना सांगितले, बावड्याला चला, मावशीचा फड तोडा, मग घरी जा.

"पेटिवल्याला हाय का?" सर्जेरावांनी विचारले.

"नाही. हिरवा आहे."

त्यांनी बायकोकडे बघितले. ती पुढे आली आणि तिने लुगड्याचा पदर सारून दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटापासून कोपरापर्यंत पाल्याने कापलेल्या रेघा होत्या, काही सुकलेल्या, काही ओल्या. "ताई, तुमचं ध्वराचं बरुबर असंल," ती म्हणाली, "पर ह्ये कुणी बघायचं?"

योजनेच्या सगळ्या चित्रांत शेतकरी होता, माती होती, गांडूळ होते, आकाश होते. हे हात कुठेच नव्हते. मी तिला हातमोज्यांचे वचन दिले, फडावर सावली आणि पाण्याचे वचन दिले, आणि ही वचने देताना मला माझाच आवाज ओळखू येईना. शेवटी सर्जेरावांना माझी दया आली असावी. "उद्या सकाळी येतू," ते म्हणाले. "तुमी एवढ्या आलायसा म्हणून."

मी मावशीला फोन केला. तिने तात्याबाला सांगितले, तात्याबाने माऊलीला. दुसऱ्या दिवशी सगळे शिवार बांधावर जमले होते. मावशीने टोळीसाठी पिठलं-भाकरी करून ठेवली होती. आबा काठी टेकत फलकापर्यंत आले आणि त्यांनी उपरण्याने फलकावरची धूळ पुसली.

टोळी आली नाही. ऊन वर चढल्यावर सर्जेरावांचा फोन आला. नदीकडच्या एका गावात रात्री फड पेटला होता, सरांनी टोळी तिकडे वळवली होती. "आमी काय करावं, ताई? साहेबांचा हुकूम."

मी सरांना फोन लावला. माझा आवाज चढला, बांधावरचे सगळे ऐकत होते. सर शांतपणे म्हणाले, "परवा पट्टा पडतोय, मॅडम. कारखाना बंद. उद्या जळीत ऊस आला तर घेईन, तो सोडता येत नाही. हिरव्याचं आता मला सांगता येत नाही."

"सर, तुम्ही मला काय सांगताय ते तुम्हाला कळतंय का?"

"मी काहीच सांगत नाहीये," ते म्हणाले.

पट्टा पडला की संपले. ऊस रानात उभा राहतो, वैशाखात चिपाडासारखा वाळतो, खाली बुडखाही मरतो. त्याला फुटणारा खोडवा, म्हणजे पुढच्या वर्षीचे पीकही, त्यात जाते. मावशीकडे दुसरे रान नाही. तिची दोन्ही वर्षे माझ्या एका शब्दावर उभी होती, आणि ती माझ्याकडे बघत होती. टोळीसाठी केलेल्या भाकऱ्या आम्हीच बसून खाल्ल्या. तात्याबानेसुद्धा मला दोष दिला नाही, आणि मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

निघताना मी मावशीला बाजूला घेतले. "आबांना उद्या पहाटेच मोरगावला पाठवा. इंदिराताईकडे."

इंदिरा म्हणजे तिची लेक, मोरगावला दिलेली. मावशीने कशाला म्हणून विचारले नाही. नुसती मान हलवली, म्हणून मला कळले की तिला कळले आहे.

सकाळी एसटीच्या थांब्यावर आबांना सोडायला मीच गेले. ते खुशीत होते. पिशवीत नातवंडांसाठी कुरडया होत्या, पांढऱ्याशुभ्र. "आज तोड येणार म्हणून मला घालवताय व्हय?" त्यांनी विचारले. "धुरळ्याचा तरास हुईल म्हणून?"

"व्हय आबा. लई धुरळा हुतो."

"मला ठावं हुतं. काल समदी तोंडं पाडून बसली हुती. म्या म्हणलं, पोरगीनं शबुद दिलाय, ती आणंल टोळी." गाडी आली. पायरी चढताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. धाप लागत होती तरी दोन पावले मागे येऊन ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. मी वाकून त्यांची पिशवी वर दिली.

फडावर मावशी एकटीच होती. वारे पडले होते. माऊली आणि तात्याबा आपापल्या बांधावर ओली पोती घेऊन उभे होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. पोती ओली करून कधी उभे राहायचे हे इथे कुणाला सांगावे लागत नाही.

"मावशी, लावा," मी म्हणाले.

"न्हाय."

"मावशी, ऐका. आजचा दिवस आहे. लागला की दुपारपर्यंत टोळी येते. नाहीतर सगळा ऊस जातो."

"जाऊंदे."

"खोडवा जाईल. पुढच्या वर्षी काय करणार?"

"माझा फोटू हाय तितं," ती फलकाकडे हात करून म्हणाली. "लोकांच्या दारात जाऊन म्या सांगितलंय. तात्याबाच्या वसरीवर बसून सांगितलंय. त्यास्नी आता कुठल्या तोंडानं दावू? म्या न्हाय लावायची."

मी तिच्या पाया पडले. खरोखर पडले, त्या ढेकळांत गुडघे टेकून. दोन वर्षे मी गावोगाव फिरून लोकांना काडी लावू नका म्हणून हात जोडले होते. आज एका बाईने काडी लावावी म्हणून मी रडत होते. मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की ती ऐकणारच नाही.

तिने एकदा उसाकडे बघितले. मग कनवटीची काडीपेटी काढली. म्हणजे घरातून निघतानाच आणली होती. ती तिने माझ्या हातात दिली.

"तू लाव," ती म्हणाली. "शबुद तुझा हुता."

पहिली काडी विझली. दुसरी मी पाल्याखाली धरली. पाला इतका वाळला होता की मला हात मागे घ्यायलाही वेळ मिळाला नाही, भुवईचे केस करपले. मग आवाज सुरू झाला, तडतड, आणि थोड्याच वेळात बोललेले ऐकू येईना. पाखरांचा एक थवा वर उडाला. मावशी फलक उपटायला धावली. लाकूड तापले होते तरी तिने तो हलवून हलवून उपटला आणि बांधावर पालथा टाकला.

मी सरांना फोन केला. "बावड्याला फड पेटला, सर."

"अरेरे," ते म्हणाले. "कसा?"

"तारंला तार घासली."

"टोळी पाठवतो," ते म्हणाले. हंगामभर न आलेली टोळी राख कोमट असतानाच येऊन पोचली. सर्जेरावांच्या बायकोने माझ्याकडे बघितले नाही. ती सरळ फडात शिरली आणि कोयता चालवायला लागली. आज तिचे हात कापणार नव्हते. ऊस भराभर पडत होता, काळा, चिकट. ट्रॅक्टर भरत होता.

दुपारी माझा मोबाईल वाजला. बिस्किट कंपनीने उपग्रहावरून आगी शोधायची सोय केली आहे, फड पेटला की जवळच्या अधिकाऱ्याला निरोप येतो. बावड्याला जवळची अधिकारी मी. निरोप असा होता, आपल्या भागात आग आढळली आहे, कृपया शेतकऱ्यास भेटून त्याचे प्रबोधन करावे. मी तो मावशीला वाचून दाखवला. मला वाटले ती हसेल. तिने विचारले, "मंजी काय करायचं?"

तेवढ्यात माऊली आला. आला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा राहिला. "ताई, बनाकाकीचा उचलला," तो म्हणाला. "मग आता आमीबी...?"

मी नाही म्हणायला तोंड उघडले. कशाच्या जोरावर नाही म्हणू? कारखाना उद्या बंद होणार होता. माऊली तसाच माघारी गेला. आधी त्याच्या फडातून धूर निघाला, मग तात्याबाच्या. दिवस कलायच्या आत सगळ्या शिवारावर धूर बसला होता. वारे नव्हते, त्यामुळे तो हलतही नव्हता. मावशीच्या गच्चीवर दोन दिवसांच्या कुरडया होत्या, त्या काढायचे कुणाच्याच लक्षात राहिले नव्हते.

आम्ही ओसरीवर बसलो होतो. मावशी खोकत होती, आणि खोकताना तिला आबांची आठवण झाली असावी, कारण ती म्हणाली, "बरं झालं, गेलं त्ये." तेवढ्यात तिचा फोन वाजला. आबाच होते. मोठ्याने बोलायची त्यांची सवय, मला सगळे ऐकू येत होते.

"आली का तोड?"

"आली."

"हिरवीच तोडत्यात न्हवं?"

मावशीने माझ्याकडे बघितले. फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला. "ईच सांगंल," ती म्हणाली.

मी फोन घेतला. समोर तात्याबाचा फड अजून धुमसत होता.

"व्हय आबा," मी म्हणाले. "हिरवी."

"म्या म्हणलं हुतं न्हवं? म्या इंदीलाबी तेच सांगितलं, पोरगी शबदाची पक्की हाय." ते हसले, हसता हसता त्यांना थोडा खोकला आला. "मग म्या उद्या पहिल्या यष्टीनं येतू गं. हितं माळावर लई फुफाटा हाय, छाती भरती. आपल्या शिवारातली हवा चांगली हाय आता."

मी फोन मावशीकडे दिला.